तुरीची ओळ: पेरणीचा निर्णय आणि लेकराचे ताट

१९७५ सालच्या मे महिन्यात सहा खेड्यांत काही तरुण अन्वेषक बिऱ्हाड करून राहायला आले. दोन गावे अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूर तालुक्यातली, कंझरा आणि किनखेड. दोन सोलापूर जिल्ह्यातली, शिरापूर आणि कळमण. उरलेली दोन, औरेपल्ली आणि दोकूर, तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील महबूबनगर जिल्ह्यातली. हैदराबादजवळ पतंचेरू येथे १९७२ साली स्थापन झालेल्या ‘इक्रिसॅट’ या कोरडवाहू शेतीच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने त्यांना पाठवले होते. प्रत्येक गावातून ४० कुटुंबे निवडण्यात आली. त्यांपैकी १० भूमिहीन मजुरांची होती, तर ३० लहान, मध्यम आणि मोठ्या शेतकऱ्यांची. कोणत्या वावरात काय पेरले, किती निघाले, किती विकले, किती घरात राहिले, कोणाच्या मजुरीला किती दिवस गेले, हे सारे दर काही आठवड्यांनी विचारून वहीत उतरवायचे, असे हे काम होते. ते दहा वर्षे चालले.

या नोंदींचा हेतू मुळात शेतीपुरता होता. पण १९७६ ते १९७८ या काळात त्याच कुटुंबांतील माणसे काय खातात, याचीही मोजणी झाली. घराचा एकत्रित हिशेब न करता माणसागणिक, मुलामुलीगणिक आहार नोंदवला गेला आणि मुलांची उंची-वजनेही घेतली गेली. एकाच घराच्या शेताची वही आणि ताटाची वही शेजारी ठेवून वाचता यावी, असा योग भारतात त्यापूर्वी क्वचितच आला असेल. लहान शेतकरी काय पेरतो आणि त्याच्या घरातले मूल कसे वाढते, हा प्रश्न महाराष्ट्रात शंभर वर्षे तरी अधूनमधून विचारला जात होता. या गावांत त्याला पहिल्यांदा आकड्यांचा आधार मिळाला.

हे आकडे समजण्यासाठी त्या काळचे वावर आधी पाहावे लागते.

वऱ्हाडातले खरिपाचे वावर एका पिकाचे नसे. कापसाच्या किंवा ज्वारीच्या काही ओळींनंतर तुरीची एक ओळ, ज्वारीत मिसळून मूग, उडीद, चवळी, कुठे तीळ, कडेने अंबाडी, अशी ती पेरणी असे. सोलापूरकडे खरा हंगाम रब्बीचा. काळ्या खोल जमिनीत मुरलेल्या ओलाव्यावर शाळू येई. मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेली ‘मालदांडी ३५-१’ ही तिथली लाडकी ज्वारी. शाळूच्या भोवती काटेरी करडईचा पट्टा असे, म्हणजे ढोरे आत शिरत नसत. शिवाय करडईची कोवळी पाने भाजीला आणि बी घाण्याला मिळे. हुलगा, मटकी, हरभरा, जवस हे हलक्या-भारी जमिनीप्रमाणे येत.

इक्रिसॅटचे अर्थशास्त्रज्ञ एन. एस. जोधा यांनी याच गावांतील मिश्र पिकांचा अभ्यास केला. त्यांना असे दिसले की ही पद्धत मोठ्या शेतकऱ्यांपेक्षा लहान शेतकऱ्यांच्या वावरात अधिक आढळते, आणि पाणी व संकरित बियाणे आले की वावर एकपिकी होऊ लागते. कृषी अधिकाऱ्यांना जी पेरणी मागासलेपणाची खूण वाटे, ती अल्पभूधारकाने विचारपूर्वक केलेली जुळणी होती. पाऊस दगा देईल तर सगळेच जाऊ नये, हा तिच्यामागचा पहिला विचार.

दुसरा विचार महिन्यांचा होता, आणि लहान मुलांच्या दृष्टीने तोच महत्त्वाचा. मृग लागला की कणगीतली ज्वारी तळाला जाऊ लागते. आषाढ-श्रावण हे टंचाईचे महिने. नवी ज्वारी दिवाळीच्या सुमारास, तूर त्याहून उशिरा. मात्र मूग साठ-सत्तर दिवसांत तयार होतो. पोळ्याच्या आसपास मुगाच्या आणि चवळीच्या शेंगा घरात येत, त्यापाठोपाठ उडीद. त्याआधीच, पहिल्या पावसानंतर, तांदुळजा, घोळ, पाथरी, अंबाडीचा कोवळा पाला असे काहीतरी रोज हाताशी असे. मिश्र वावर वर्षातल्या सर्वांत वाईट तिमाहीत थोडेथोडे देत राही. बाजाराच्या हिशेबात या थोड्याची किंमत फारशी नसते. दीड वर्षाच्या मुलाच्या हिशेबात ती मोठी असते, कारण तीन महिन्यांची उपासमार त्याच्या वाढीत जी खोट पाडते, ती दिवाळीनंतरच्या सुबत्तेने सहसा भरून निघत नाही.

याचा अर्थ जुने दिवस सोन्याचे होते असा नाही. तसे लिहिण्याचा मोह समाजमाध्यमांवर फार दिसतो, म्हणून येथे थोडे थांबणे भाग आहे.

वऱ्हाड १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिथला कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला अचानक सोन्याचा भाव आला. १८६७ साली रेल्वे नागपूरला पोहोचली. १८७० साली खामगावच्या कापूसपेठेसाठी खास फाटा काढण्यात आला आणि त्याच्या उद्घाटनाला स्वतः गव्हर्नर जनरल लॉर्ड मेयो आले. बाजारासाठी पेरणे वऱ्हाडी शेतकऱ्याला तेव्हापासून चांगले ठाऊक आहे. नगदी पीक ही हरितक्रांतीची देणगी नव्हे.

या बदलात एक गोष्ट हळूहळू दुबळी झाली, ती म्हणजे पेव. जमिनीत खोल खणून, आतून कडबा-भूस लावून त्यात ज्वारी साठवण्याची ही जुनी सोय. चांगल्या सालची ज्वारी वाईट सालापर्यंत टिके. कापूस पेवात टाकता येत नाही. तो विकायचा, पैसा घ्यायचा, त्यातले सावकाराचे देणे फेडायचे आणि उरलेल्यात धान्य विकत घ्यायचे. धान्य स्वस्त असेपर्यंत हे गणित जमे. १८९९-१९०० च्या दुष्काळात धान्याचे भाव चढले, शेतमजुरी थांबली, आणि कापसाने श्रीमंत म्हणवणारा वऱ्हाडही मृत्यूंच्या लाटेतून सुटला नाही. मात्र ज्वारी पिकवणारे कोरडे दख्खन १८७६-७८ च्या दुष्काळात त्याहून सुखात होते असेही नाही. सोलापूर, विजापूर, अहमदनगर या मुलखाची तेव्हा दैना झाली. घरचे धान्य पेरणाऱ्यालाही पाऊसच नसेल तर काही पेरता येत नाही.

ज्वारीचीही एक बाजू सांगायला हवी. १९६० साली सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दख्खनमधील ज्वारी खाणाऱ्या गरिबांत आढळणाऱ्या ‘पेलाग्रा’ या रोगाविषयी लिहिले. ज्वारीतील ल्युसीन या घटकाशी त्याचा संबंध असावा, अशी त्यांची मांडणी होती. डाळ नाही, दूध नाही, भाजी नाही, नुसती भाकर आणि मिरची, असा आहार असेल तर ज्वारी माणसाला पुरी पडत नाही. लहान मुलाला तर नाहीच. भाकर पोट भरते, पण वर्षाच्या मुलाचे पोट त्याच्या मुठीएवढे. तेवढ्यात मावेल अशा घासात त्याला स्निग्धांश हवा, डाळ हवी. म्हणजे तिळाची, शेंगदाण्याची, वरणाची साथ हवी. वावरातल्या त्या किरकोळ ओळी म्हणजे भाकरीची नेमकी ही उणीव भरून काढणारी पिके.

आहारशास्त्राने हा संबंध ओळखायला वेळ घेतला, आणि ओळखल्यावरही भलतीकडे वळण घेतले.

रॉबर्ट मॅक्कॅरिसन हे कुन्नूर येथे संशोधन करणारे लष्करी डॉक्टर. त्यांनी भारताच्या निरनिराळ्या प्रांतांतील लोकांचे आहार उंदरांना देऊन त्यांची वाढ तपासली. १९२६ साली नेमलेल्या शाही कृषी आयोगापुढे त्यांनी कुपोषणाविषयी निवेदन ठेवले. शेतीच्या चौकशीत पोषणाचा प्रश्न असा दाखल झाला. त्यांच्यानंतर कुन्नूरची धुरा वॉलेस अक्रॉइड यांच्याकडे आली आणि १९३७ साली भारतीय खाद्यपदार्थांच्या पोषणमूल्यांची पुस्तिका निघाली. ज्वारीत किती, तुरीत किती, अंबाडीच्या पाल्यात किती, हे आता कोष्टकात पाहता येऊ लागले.

१९५० आणि १९६० च्या दशकांत जगभर एकच शब्द गाजू लागला: प्रथिने. गरीब देशांतल्या मुलांना प्रथिनांची तूट आहे, ती भरली की प्रश्न सुटेल, असा विश्वास पसरला. १९६८ साली संयुक्त राष्ट्रांनी येऊ घातलेल्या ‘प्रथिन संकटा’वर अहवालच काढला. या मताला ठामपणे हरकत घेणाऱ्यांत एक मराठी माणूस होता. सातारा जिल्ह्यातील बुध या गावी जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे अनेक वर्षे रोम येथे जागतिक अन्न व कृषी संघटनेत संख्याशास्त्राचे प्रमुख होते. भारतातील आहाराची आकडेवारी तपासून त्यांनी १९७० साली मांडले की ज्यांना प्रथिने कमी पडतात, त्यांना बहुतेक वेळा मुळात अन्नच कमी पडते. नेहमीचे अन्न पोटभर मिळाले तर प्रथिनांचा बराचसा प्रश्न आपोआप सुटेल. पुढच्याच वर्षी पुण्याच्या गोखले संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी भारतातील दारिद्र्य मोजले, तेही दिवसाला २२५० उष्मांक मिळवून देणाऱ्या खर्चावरून. (सुखात्मे यांची पुढची मते, विशेषतः शरीर कमी अन्नाशी जुळवून घेते हा विचार, गोपालन यांना अजिबात मान्य नव्हता. तो वाद मोठा आहे आणि तो वेगळा लिहिण्याजोगा आहे.)

इक्रिसॅटपुढेही हाच पेच होता. १९७३ साली अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठातील संशोधकांना इथिओपियातील ज्वारीच्या काही वाणांत ‘लायसिन’ हा प्रथिनघटक भरपूर सापडला. मग अशी अधिक लायसिनची ज्वारी सोलापूर-अकोल्याच्या शेतकऱ्यासाठी तयार करावी काय? पैदाशीच्या कामाची पंधरावीस वर्षे त्यात घालावीत काय?

उत्तर त्या सहा गावांच्या वह्यांत मिळाले. जेम्स रायन, पॅट्रिशिया बिडिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अहवाल १९८४ साली प्रसिद्ध झाला. आहारातली मुख्य तूट प्रथिनांची किंवा लायसिनची नव्हती. कमी पडत होते ते एकूण उष्मांक, कॅल्शियम, आणि अ, ब, क ही जीवनसत्त्वे.

या यादीकडे शेतकऱ्याच्या नजरेने पाहिले तर ती निराळी दिसते. कॅल्शियम म्हणजे दूध आणि पालेभाजी. अ आणि क जीवनसत्त्व म्हणजे पुन्हा पाला, शेवगा, ओला हरभरा, बोरे, चिंच-आवळा. ज्वारीच्या दाण्यात सुधारणा करून ही तूट भरणार नव्हती. दूध गोठ्यातून येते आणि गोठा कडब्यावर चालतो. पाला बांधावरून आणि पिकांच्या ओळींमधून येतो. नवे बियाणे शोधणाऱ्या संस्थेला तिच्याच नोंदींनी सांगितले की बियाण्याच्या बाहेरही पाहा.

दुसरे उत्तर अधिक अस्वस्थ करणारे होते. शेतकऱ्याचे उत्पन्न वाढले की मुलांचे पोषण सुधारते, हे इतके उघड मानले जाई की त्याचा पुरावा मागण्याची गरज कोणाला वाटत नसे. नगदी पिकाच्या बाजूने दिला जाणारा मुख्य युक्तिवाद हाच: कापूस विका, पैसा आणा, धान्य विकत घ्या. अर्थशास्त्रज्ञ जेरे बेहरमन आणि अनिल देवळालीकर यांनी याच गावांची आकडेवारी घेऊन १९८७ साली हा समज तपासला. मिळकत वाढली की अन्नावरचा खर्च जवळपास त्याच प्रमाणात वाढतो, हे दिसले. पण पोषकद्रव्ये? ती फारशी वाढत नाहीत. वाढीव पैसा अन्नातच जातो, पण चवीच्या, प्रतिष्ठेच्या, महागड्या अन्नात: ज्वारीऐवजी तांदूळ-गहू, साखर, चहा.

यावर पुढे वाद झाला. शंकर सुब्रमणियन आणि अँगस डीटन (पुढे २०१५ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळवणारे) यांनी १९८३ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीतील ग्रामीण महाराष्ट्राच्या साडेपाच हजारांहून अधिक कुटुंबांची आकडेवारी पिंजून काढली. १९९६ साली त्यांनी दाखवले की खर्चाची ऐपत १० टक्के वाढली तर उष्मांक ३ ते ५ टक्के वाढतात. शून्य नाही, पण भरही नाही. अन्नावर वाढलेल्या खर्चाचा साधारण अर्धा भाग अधिक अन्नात जातो, अर्धा अधिक महाग अन्नात. त्यांच्या हिशेबाने दिवसभराच्या कामाला लागणारे उष्मांक ग्रामीण महाराष्ट्रात रोजच्या मजुरीच्या ५ टक्क्यांहूनही कमी पैशांत मिळत होते. हे शक्य होते ते ज्वारीसारख्या भरड धान्याच्या जोरावर.

म्हणजे १९८३ साली मजुराच्या घरातही मोठ्या माणसाचे पोट भरण्यापुरती ज्वारी आवाक्यात होती. तरीही मुले खुजी राहत होती. पैसा आणि भाकर यांच्या पलीकडे काहीतरी होते.

त्यातले एक म्हणजे घरातले वाटप. बेहरमन यांनी १९८८ साली याच आकडेवारीवरून मुलगे आणि मुली यांच्या वाट्याला येणारे अन्न तपासले. टंचाईच्या हंगामात पारडे मुलग्यांकडे झुकते, असे त्यांना आढळले. हंगामाचे आणि मुलींच्या ताटाचे हे नाते लक्षात घेतले, की पोळ्याला येणाऱ्या मुगाचे मोल आणखी स्पष्ट होते. टंचाईचा काळ जितका लांब, तितकी मुलीची वाटी रिकामी.

दुसरे म्हणजे आईचा वेळ. निंदणी-खुरपणी बाईची, कापसाची वेचणी बाईची. पीक कोणते निवडायचे हे बहुधा पुरुष ठरवतो, पण त्या निवडीने बांधले जातात ते बाईचे दिवस. आषाढ-श्रावणात तण वाढते तेव्हा पहाटे भाकरी थापून ती वावरात जाते. तान्हे मूल झाडाला बांधलेल्या झोळीत, त्याहून मोठे घरी आठ-दहा वर्षांच्या बहिणीच्या कडेवर. सहा महिने ते दोन वर्षे या वयात मुलाला दिवसातून चार-पाच वेळा थोडेथोडे भरवावे लागते. घरात डाळ असली तरी ती शिजवून, घोटून भरवणारे माणूस दुपारी घरी नसते. त्यात हाच काळ जुलाब आणि तापाचा. अन्न, आईचा वेळ आणि आजार या तिन्ही गोष्टी त्याच दोन-तीन महिन्यांत एकत्र गाठतात.

तिसरे म्हणजे पीक कोणाच्या हातात जाते. कापूस गाडीत भरून पुरुष बाजारात नेतो आणि पट्टी त्याच्या खिशात येते. तीळ, मूग, चवळी, अंबाडी ही मडक्यात, गाडग्यात, उतरंडीत जाणारी पिके. त्यांची राखणदार बाई. किती दळायचे, किती शिजवायचे, बहिणीला किती धाडायचे, हे तिथे तीच ठरवी. वावरातली ओळ पुसली गेली की घरातला हा छोटा अधिकारही पुसला जातो. याची नोंद कोणत्याही पीकपेऱ्यात होत नाही.

आणि ओळी पुसल्या गेल्या.

१९६४ साली ‘सीएसएच-१’ हा ज्वारीचा पहिला संकरित वाण आला. उत्पन्न वाढले, पण ताट बुटके, त्यामुळे कडबा कमी. शिवाय ती लवकर निसवे, कणसे परतीच्या पावसात सापडत आणि दाणा काळा पडे. काळ्या ज्वारीची भाकर कोणाला आवडत नसे आणि बाजारात भावही मिळत नसे. १९७२ च्या दुष्काळात लोकांनी दुष्काळी कामांवर खडी फोडली, सुकडी खाल्ली आणि परदेशातून आलेला लाल ‘मिलो’ पोटात ढकलला. त्याच वर्षी राज्यात एकाधिकार कापूस खरेदी योजना सुरू झाली. कापसाला सरकारच गिऱ्हाईक मिळाले. 

मग सोयाबीन आले. मध्य प्रदेशात रुजलेले हे पीक १९८० आणि १९९० च्या दशकांत विदर्भ आणि मराठवाड्यात पसरले. १९८६ च्या तेलबिया अभियानाने त्याला पाठबळ दिले, तर जबलपूरच्या ‘जेएस ३३५’ या वाणाने शेतकऱ्याचा विश्वास मिळवला. शेतकऱ्याच्या बाजूने पाहिले तर निवड समजण्यासारखी होती. सोयाबीन शंभर दिवसांत मोकळे होते, पाखरे त्याला खात नाहीत, राखण लागत नाही, काढणीला यंत्र चालते, दिवाळीपूर्वी पैसा हातात येतो आणि मागून हरभरा घेता येतो. ज्वारीची राखण करायला, कणसे खुडायला, कडबा बांधायला माणसे मिळेनाशी झाली होती. अल्पभूधारकाने येथे मूर्खपणा केला असे म्हणणाऱ्याने एकदा ज्वारीची सोंगणी करून पाहावी.

महाराष्ट्र राज्य स्थापन झाले तेव्हा ज्वारीखाली ६० लाख हेक्टरांहून अधिक क्षेत्र होते. आज ते एक तृतीयांशाच्याही खाली आहे आणि त्यातही खरीप ज्वारी जवळपास नाहीशी झाली आहे. सोयाबीन ४० लाख हेक्टरांच्या पुढे गेले आहे. कंझऱ्यासारख्या गावांत इक्रिसॅटचे लोक २००१ नंतर पुन्हा गेले, तेव्हा त्यांना हाच बदल दिसला.

यात एक विचित्र योगायोग आहे. १९६० च्या दशकात जग ज्या प्रथिनांच्या मागे लागले होते, ती सोयाबीनमध्ये ४० टक्क्यांच्या आसपास असतात. सगळ्या डाळींहून अधिक प्रथिने असलेले पीक आता घरासमोरच्या वावरात डोलते, पण चुलीवर येत नाही. ते सहज शिजत नाही, त्याला उग्र वास असतो, आणि नीट उष्णता न देता खाल्ले तर पचत नाही. ते तेलगिरणीत जाते. तेल शहरात जाते, पेंड कोंबड्यांना किंवा परदेशी.

ज्वारीबरोबर आणखीही काही गेले. कडबा गेला. पऱ्हाटी जळणाच्या उपयोगाची, सोयाबीनच्या कुटाराला कडब्याची सर नाही, आणि बैल-म्हैस राखणे लहान शेतकऱ्याला जड होऊ लागले. मजुरीतले धान्य गेले. ज्वारीच्या काढणीला मजुराला दाण्यात वाटा मिळे, सालदाराच्या करारात वर्षाची ज्वारी असे. आता रोख मिळते. जमीन नसलेल्या घरात वावरातून थेट येणारे धान्य अशा रीतीने थांबले. तणनाशक आल्यावर तांदुळजा आणि घोळ यांची गणना भाजीतून तणात झाली, आणि बाईच्या पाठीवरचा खुरपणीचा भारही काहीसा उतरला. एकाच फवाऱ्याने आईला वेळ दिला आणि ताटातली भाजी काढून घेतली.

भाकरीची जागा रेशनच्या गहू-तांदळाने घेतली. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने तांदूळ ३ रुपये आणि गहू २ रुपये किलो झाला. ज्वारी, जी सर्वांत स्वस्त उष्मांक देई, ती बाजारात त्या दराने मिळणाऱ्या रेशनच्या गव्हाच्या कितीतरी पट महाग ठरली.

मग मुलांचे काय झाले? येथे सरळ रेषा काढण्याची घाई करणाऱ्याला आकडे अडवतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात २००५-०६ साली पाच वर्षांखालील १०० पैकी ४६ मुले वयाच्या मानाने खुजी होती. २०१५-१६ मध्ये ती ३४ झाली. सोयाबीन वाढत होते, ज्वारी आटत होती, त्याच दहा वर्षांत ही सुधारणा झाली. मुलींचे शिक्षण, दवाखान्यातली बाळंतपणे, लसीकरण, २००५ साली सुरू झालेले राजमाता जिजाऊ पोषण मिशन, अंगणवाड्या, रस्ते या साऱ्यांचा त्यात हात आहे. मुलाची उंची केवळ वावरात ठरत नाही. पण पुढचे आकडेही तितकेच बोलके. २०१९-२१ च्या पाहणीत खुज्या मुलांचे प्रमाण ३५ वर अडकलेले होते, आणि उंचीच्या मानाने हडकुळी असणारी मुले दोन्ही पाहण्यांत सुमारे २६ टक्के होती, म्हणजे चारातले एक. हडकुळेपणा हा आत्ताच्या भुकेचा आणि आजाराचा मोजमाप आहे. ऋतूप्रमाणे चढउतार होतो तो त्याच्यातच.

वावर बदलून ताट बदलता येते काय, याचे प्रयोगही झाले. एम. एस. स्वामिनाथन संशोधन प्रतिष्ठानने २०१३ ते २०१८ या काळात वर्धा जिल्ह्यातील आणि ओडिशातील कोरापुटमधील काही गावांत पोषणाचा विचार करून पिके सुचवली: कापूस-सोयाबीनच्या जोडीला ज्वारी आणि डाळी, परसबागेत भाज्या. लोकांच्या जेवणात भाज्या आणि डाळी अधिक वेळा येऊ लागल्या. मुलांच्या उंचीबाबत मात्र जगभरच्या अशा प्रयोगांचा अनुभव सावध करणारा आहे. २०१२ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेल्या आढाव्यात २३ अभ्यास तपासले गेले. परसबाग लावली की भाजी खाल्ली जाते, गाय दिली की दूध प्यायले जाते, हे बहुतेक ठिकाणी दिसले. खुजेपणा कमी झाल्याचा पुरावा तोकडा निघाला. अभ्यास लहान आणि अल्पकाळाचे होते, हेही त्याचे कारण. मूल दोन वर्षांत वाढते, प्रकल्पाचा निधी बहुधा त्याआधी संपतो.

विदर्भातल्या सोयाबीनच्या वावरात आजही मधूनमधून तुरीची ओळ दिसते. सगळे शेतकरी सगळेच विसरलेले नाहीत. काही घरांत धुऱ्याला दोन तास मूग-चवळीचे घरच्यासाठी राखलेले असतात, आणि ते बहुधा घरातल्या बाईच्या आग्रहाने. तुरीला भाव चढला की मात्र ती ओळही पोत्यात भरून बाजारात जाते, आणि घरी रेशनची किंवा किराणा दुकानातली, मिळेल ती डाळ येते. महागली की वरण पातळ होते.